सुलभा मागून यायची

सुलभाला जाऊन आता दोन महिने झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात शेवटच्या सकाळी तिने मला दोनच गोष्टी विचारल्या. "बांगडो जेवता मा?" आणि "तुमी काय खाल्लात?" बांगडो म्हणजे आमचा कुत्रा. त्याला आचऱ्याला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही ऑपरेशनसाठी आलो होतो आणि आठ दिवसांत मी एकदाही फोन करून त्याची चौकशी केली नव्हती. तरी मी बेधडक सांगितलं, "जेवता गो. तू पड गप." ती हसली. माझं खोटं तिला नेहमीच कळायचं... मग मी खाली औषधं आणायला गेलो. पिशवी घेऊन जिना चढत होतो, तर आमची मुलगी मेघना वरून उतरताना दिसली. पायऱ्यांकडे न बघता उतरत होती. ती काही बोलायच्या आधीच मला कळलं.

लोक भेटायला आले की म्हणतात, "तुमचा जोडा म्हणजे कसा, रोज सकाळी बरोबर धावणारा!" मी मान डोलावतो. पण आम्ही बरोबर कधी धावलोच नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी पुढे असायचो. सुलभा मागून यायची.

धावण्याची सुरुवात माझ्यापासून झाली. मालवणात कचेरीत दिवसभर खुर्चीत बसायचं, येता-जाता दुचाकी, त्यात सुलभाच्या हातचं सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, किसमूर आणि भात. पंचेचाळिशीत साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मला चालणं कंटाळवाणं वाटलं, म्हणून मी धावू लागलो. पहिल्या दिवशी पहाटे दार उघडलं तर मागे सुलभा पदर खोचून उभी. "तू खंय?" मी विचारलं. "येकटे जातालात. काळोखात कुत्रे अंगार येतले," ती म्हणाली. कुत्र्यांना हाकलायला म्हणून ती जी निघाली, ती नऊ वर्षं येत राहिली. आठवडाभर साडीवर आली, मग मेघनाचा जुना पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. तिठ्यावरची पाववाल्याची बायको तिला थांबवून म्हणाली, "काय गो, ह्या वयात?" तर सुलभा म्हणाली, "तूय ये. कमरेक बरां." महिनाभराने ती बाईही थोडं चालायला लागली.

आणि ज्यांच्या भीतीने ती आली, त्यांतलाच एक घरी घेऊन आली. बंदरावर मासळीच्या टोपल्यांमागे फिरणारं तांबूस रंगाचं पिल्लू होतं. एकदा तिने त्याला एक बांगडा टाकला. तो तोंडात धरून ते पिल्लू आमच्या मागे थेट घरापर्यंत आलं आणि अंगणातल्या खळ्यात बसून त्याने तो सावकाश खाल्ला. नाव ठेवायचा प्रश्नच उरला नाही. बांगडो मोठा झाला आणि आमच्याबरोबर धावू लागला. पहिल्या वळणापर्यंत तो माझ्याबरोबर यायचा, जीभ बाहेर काढून, अगदी ऐटीत. वळणावर थांबून मागे बघायचा आणि उलटा फिरून सुलभाकडे जायचा. मी हाक मारायचो, शीळ घालायचो, एकदा तर खिशात बिस्किटंही नेली. उपयोग नाही. "कुत्रो शाणो आसा," सुलभा म्हणायची, "तेका म्हायत आसा कोण थांबतला ता."

मला वेळेचं वेड लागलं. मनगटावर घड्याळ आलं, फोनमध्ये नोंदी आल्या. घर ते बंदर आणि परत, पाच किलोमीटर. मी अठ्ठावीस मिनिटांत घरी. सुलभा पन्नास मिनिटांनी, कधी तासाने. मी अंघोळ करून चहाची वाट बघत पडवीत बसलेला असायचो. ती फाटकातून आत आली की मी घड्याळ दाखवायचो. "पन्नास! अगो, बैलगाडीसुद्धा आधी येता." ती बांगड्याला पाणी ठेवायची आणि चहाचं आधण चढवायची. कचेरीत मी हा किस्सा रंगवून सांगायचो, सगळे हसायचे. आता तो आठवला की कानशिलं तापतात.

मग शर्यती सुरू झाल्या. गोवा, रत्नागिरी, कोल्हापूर... रविवारच्या शर्यतीसाठी शनिवारी कचेरी सुटल्यावर गाडी काढायची, तळेऱ्याला किंवा फोंडाघाटला चहा घ्यायचा, मुक्काम करायचा. छातीवरचा नंबर पिनांनी लावला की बनियन फाटतं, म्हणून सुलभा तो चारही कोपऱ्यांत टाके घालून शिवायची. सुईदोरा तिच्या पिशवीत असायचाच. ओळख ना पाळख, अशा कुणाकुणाचे नंबर तिने सुरुवातीच्या रेषेजवळ उभ्या उभ्या शिवून दिले आहेत. ती स्वतः छोट्या अंतरात भाग घ्यायची. तिची शर्यत संपायच्या वेळी मी कुठे असायचो? माझ्या वेळेचं प्रमाणपत्र घ्यायला, नाहीतर ओळखीच्यांबरोबर फोटो काढायला. एकदा परतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणाली, "येक डाव माझ्यावांगडा धावा मा. बगूया तरी कसां वाटता." मी म्हणालो, "ह्या वर्षी बरोबर नको, माझा टाइम सुधारतोय. पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीही मी तेच म्हणालो. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तिला धाप लागायला लागली, तीही याच काळात. एकदा वळणावर कमरेवर हात ठेवून उभी दिसली. मी जाग्यावर उड्या मारत विचारलं, "काय झालां?" "दम लागता जरा." मी म्हणालो, "सुरुवातीक घाई करतंस तू. पेस कमी कर. नाकान श्वास घे." आणि पुढे गेलो. मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो! नंतर केव्हातरी पाण्याची कळशी चढवताना ती पायरीवर बसली. तेव्हाही मी तिला श्वासाचे व्यायाम सांगितले. फोनवर एक चित्रफीतही दाखवली. तिने ती शेवटपर्यंत बघितली.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरची शर्यत होती. मी दहा किलोमीटर धावणार होतो, ती पाच. त्या दिवशी माझी वेळ आजवरची सगळ्यात चांगली आली. पदक गळ्यात घालून मी फोटोच्या रांगेत उभा होतो. तेवढ्यात आयोजकांची जीप आली आणि पुढच्या सीटवरून सुलभा उतरली. तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, ओठ काळसर दिसत होते, म्हणून त्यांनी तिला उचलून आणलं होतं. आणि मी, तिचा नवरा, तिला काय म्हणालो? "अगो, दोनच तर राहिलेले. चालत तरी येऊचा." जीपमधल्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी विसरलेलो नाही. ती मुलगी म्हणाली, "काका, आधी यांना दवाखान्यात न्या."

डॉक्टरांनी तपासलं, यंत्रावर हृदय बघितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. आला होता, सातवीत असताना, सुलभाने सांगितलं. त्या तापाने हृदयाची झडप तेव्हाच बिघडवून ठेवली होती. मग डॉक्टरांनी विचारलं, "धाप लागते हे कधीपासून?" मी लगेच उत्तर दिलं, "दोन-तीन महिने झाले असतील." सुलभा खाली बघत म्हणाली, "दीड वर्ष झालं, डॉक्टर." बाहेर बाकावर आल्यावर मी जवळजवळ ओरडलोच, "माका सांगलंस कित्याक नाय?" तिने पिशवीत कागद घातले, पिशवीचा बंद ओढला. मग शांतपणे म्हणाली, "सांगलंय. तीन येळा सांगलंय. तुमी म्हणालात, पेस कमी कर." त्यात तक्रार नव्हती. काय झालं होतं तेवढं तिने सांगितलं.

परतताना घाट उतरून आम्ही फोंडाघाटला थांबलो. चहा झाल्यावर ती म्हणाली, "गाडी हंयच रवांदेत. जरा चलूया?" बाजाराच्या बाहेर रस्त्याकडेने आम्ही चाललो. दहा पावलं टाकायची, थांबायचं. मी मध्येच पुढे जायचो आणि भानावर येऊन मागे वळायचो. तिने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली. "आपण असे कधी चललव नाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "आता रोज चलूया." पण तेही मी पाळलं नाही. औषधांवर चार महिने गेले. डॉक्टरांनी तिला हळू चालायला परवानगी दिली होती, आणि ती रोज सकाळी बांगड्याला घेऊन निघायची. मी दोन दिवस बरोबर गेलो. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तुमचे पाय वळवळतत. जावा धावा." आणि मी गेलो. कुणी आग्रह करावा, याचीच जणू वाट बघत होतो. ऑपरेशन झालं, झडप बदलली. पण हृदय तोवर फार थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी ती गेली.

बारावं-तेरावं झालं, मेघना पुण्याला परत गेली आणि घरात मी आणि बांगडो उरलो. तो खायचा नाही. मी पहाटे उठायचो, बूट घालायचो आणि तसाच पडवीत बसून राहायचो. धावावंसं वाटत नव्हतं. महिन्याभराने एका सकाळी बांगडोच उठला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि निघालो. तो नेईल तिकडे, तो चालेल तसा. वळण गेलं, तिठा गेला. बंदराच्या अलीकडे चिऱ्यांचा एक जुना गडगा, कुंपणाची बुटकी भिंत, आहे, त्याच्या आत लहानसं कौलारू घर. नऊ वर्षं रोज मी त्या घरावरून धावत गेलो होतो. बांगडो तिथे आत वळला. मी पट्टा ओढला, तो हलेना. पडवीत ऐंशीच्या घरातले एक म्हातारे बसले होते. त्यांनी मान वर केली, पण त्यांची नजर माझ्यावर पडली नाही, बाजूला कुठेतरी गेली.

"बांगड्या, कोण रे तुझ्यावांगडा?" त्यांनी विचारलं.

"मी. सुलभाचो घोव."

"बस," ते म्हणाले. "तुका वळाखतंय मी. तुझे बूट. दाणदाण दाणदाण फुडे जायचस."

त्यांना सगळे बाबलकाका म्हणतात. जन्म बोटीवर काढलेला माणूस, आता एकटे. डोळ्यांतला दाब वाढतो, सकाळी दोन औषधांचे थेंब घालावे लागतात आणि त्यांचा हात थरथरतो, बाटली धरता येत नाही. सहा वर्षं ते थेंब सुलभा घालत होती. रोज. शर्यतीला गेलो असू ते दिवस आणि मी तिच्याबरोबर चाललो ते दोन दिवस, तेवढेच चुकले. ऑपरेशनला निघायच्या आदल्या सकाळीही ती येऊन गेली होती आणि शेजारणीला सांगून गेली होती, "पंधरा दीस तू घाल, मगे मी येतंय." शेजारीण जमेल तेव्हा घालत होती. जमायचं नाही तेव्हा राहायचं.

"तिनां तुका सांगूक नाय?" बाबलकाकांनी विचारलं.

"नाय."

"मी इचारलेलंय तिका. उशीर होता, घोव रागावणा नाय मा? म्हणाली, तेंका म्हायत नाय. सांगलंय तर थांबतले, आणि तेंचो टाइम जातलो."

मी त्या पडवीच्या पायरीवर बसलो. तिला वाटत होतं, मी थांबलो असतो. मी थांबलो नसतो. हे मी आज इथे लिहितो आहे, कारण दुसरीकडे कुठे कबूल करायला जागा नाही. मी म्हटलं असतं, "येताना घाल, आधी रनिंग पूर्ण कर." रोज ज्या पन्नास मिनिटांवरून मी तिची टर उडवली, ती मिनिटं कुठे जात होती, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर धापेचंही कळलं असतं... कदाचित वेळेवर.

आता मी रोज जातो. पहिल्या दिवशी थेंब गालावर सांडले. "तिचो हात हलको होतो," बाबलकाका म्हणाले, मग माझी समजूत घालत, "जमतला, जमतला." एक औषध घातलं की त्यांनी डोळे मिटून बसायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मग दुसरं घालायचं. त्या पाच मिनिटांत सुलभा त्यांना गावातल्या गोष्टी सांगायची. मला तसं बोलता येत नाही. मी नुसता पायरीवर बसतो, बांगडो माझ्या बुटांवर हनुवटी टेकून पडतो. पहिले काही दिवस मी ती मिनिटं मोजत होतो. आता बाबलकाकाच डोळे मिटलेले ठेवून म्हणतात, "अरे, झाली मा पाच मिन्टां? खंय गेलंस?"