आधी वेलांटी, मग अक्षर

आमच्या हिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. घरात नीट लिहिता येणारी माणसं मोजली तर ती एकटीच, आणि ती स्वतःबद्दल एक ओळ लिहिणार नाही. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जमलं नाही तर दोष माझा, तिचा नाही.

ही कचेरीच्या व्हरांड्यात टाइपरायटर घेऊन बसायची. मागे पाण्याची टाकी, पुढे छोटं टेबल, समोर लोकांसाठी एक स्टूल. लोक यायचे, स्टुलावर बसायचे, पुढे वाकायचे आणि हळू आवाजात आपलं गाऱ्हाणं सांगायचे. ही मान किंचित त्यांच्याकडे झुकवून ऐकायची आणि हात चालू ठेवायची. बटणांकडे तिनं कधी पाहिलं नाही, ती पाहायची सांगणाऱ्याच्या तोंडाकडे. लोक तिला टायपिंगवाल्या काकू म्हणत. व्हरांड्यातले बाकीचे तिला तोफखाना म्हणत. हे नाव यंत्राच्या आवाजावरून पडलं की हिच्या तोंडावरून, यावर दोन मतं होती.

मग कचेरीच्या भिंतीवर कागद लागला. पुढच्या महिन्यापासून अर्ज फक्त कॉम्प्युटरवर केलेलेच घेतले जातील, आणि ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी व्हरांड्यातली जागा मोकळी करावी. बाकीच्या टायपिस्टांनी मुकाट्यानं यंत्रांवर कापड टाकलं. हिच्या शेजारी झेरॉक्सवाला बसतो. ही पाणी प्यायला उठली तेवढ्यात त्यानं टेप काढून हिच्या कोपऱ्याचं माप घ्यायला सुरुवात केली.

ही परत आली आणि म्हणाली, "माझं माप घेतोस? ब्लाउज शिवायचाय का?"

तो ओशाळला. "नाही हो काकू, आपलं सहज."

"सहज माप घेतात ते शिंप्याच्या दुकानात. टेप आत टाक."

घरी आल्यावर तिनं आम्हाला सांगितलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, बरंच झालं. सुटलीस. आता आराम कर."

"आराम करायला मी काय आजारी आहे?"

"तसं नाही गं. पण या वयात कॉम्प्युटर वगैरे..."

"वय माझं आहे ना? मग ते मी बघते. तू तुझं बघ, तुझ्या कानाच्या वर पांढरं दिसायला लागलंय."

अशा वेळी मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतो.

गावात एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता. त्यांचा कॉम्प्युटर आणि छपाईचं यंत्र हिनं विकत घेतलं. मला विचारलं नाही, फक्त रिक्षात कॉम्प्युटरचा पडदा मांडीवर धरून बसायला बोलावलं. रविवारी दुपारी जोडणी करणारा मिस्त्री घरी आला. तिशीचा, गोड बोलणारा माणूस, पण घाई फार. त्यानं जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, वायरींची गुंतवळ सोडवली, डब्याचं झाकण उघडून तोंडानं फुंकर मारली तेव्हा दवाखान्यातली सगळी धूळ आमच्या लोणच्याच्या बरणीवर बसली. मग बटण दाबलं. पडद्यावर एक भला मोठा जबडा उघडला.

"अगं आई गं," सून म्हणाली.

मिस्त्री हसला. "डॉक्टरांचा फोटो आहे. म्हणजे, डॉक्टरांचा नव्हे, पेशंटचा. यात बघा किती आहेत, सगळ्यांची नावं, दाढा, कवळ्या..."

ही पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. "आधी ते पुसून टाक. कुणाच्या तोंडात काय आहे ते माझ्या घरात नको."

"बघितलं तर काय बिघडतं काकू?"

"तुझी कवळी असती तर विचारलं असतंस का असं?"

त्यानं सगळं पुसलं. मग यंत्र नव्यानं सुरू झालं आणि नाव विचारू लागलं. मिस्त्रीनं माझ्याकडे मान वळवली. "मालकांचं नाव काय घालू?"

मी तोंड उघडणार, तोच ही म्हणाली, "त्यांच्याकडे काय बघतोस? ते माझे मालक असतील, याची मालकीण मी."

सून स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला वाटतं मीही हसलो.

खरी अडचण पुढे आली. हिनं खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि टाइप करायला घेतलं. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, आता अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात, नवी रचना शिकून घ्या, महिन्याभरात हात बसेल. ही म्हणाली, "महिन्याभरात तिथे झेरॉक्सचं मशीन बसेल. मला माझ्या यंत्रावर होत्या त्याच जागी अक्षरं पाहिजेत."

त्यानं बरंच खुडबूड करून एक रचना शोधली. आता अक्षरं ओळखीच्या जागी सापडू लागली. हिचा चेहरा उजळला. तिनं एक अख्खा अर्ज सरसर टाइप केला आणि आम्ही सगळे पडद्याशी वाकलो. सचिवाचा सिचव झाला होता. परिसराचा पिरसर. आणि अर्जदार हा या गावचा नागिरक होता.

"नागिरक!" मुलगा म्हणाला. "म्हणजे काय, डसतो की काय?"

मिस्त्रीनं समजावून सांगितलं. जुन्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी उठवायची आणि मग तिच्या पोटात अक्षर, कारण डावीकडून तीच आधी दिसते. इथे मात्र अक्षर आधी मारायचं आणि वेलांटी नंतर. तशी मारली की ती आपली आपण उडी मारून अक्षराच्या डावीकडे जाऊन बसते. ही मारत होती आधी, म्हणून ती बिचारी आदल्या अक्षराला जाऊन चिकटत होती.

"एवढंच आहे काकू. वेलांटी नंतर. बाकी सगळं तुमच्या मनासारखं झालंय."

हिनं प्रयत्न केला, नाही असं नाही. सावकाश मारलं की बरोबर यायचं. वेग आला की बोटं जुन्या वळणावर जायची आणि पुन्हा नागिरक. सगळं आयुष्य ज्या बोटांनी वेलांटी आधी काढली त्यांना एका दुपारी उलटं कसं शिकवायचं? तिनं हात मांडीवर घेतले. मला वाटलं, झालं. इथे ही थांबणार.

मुलाला दया आली असावी. तो म्हणाला, "आई, टाइप करायचीच गरज नाही. तू नुसतं बोल. हा ऐकून लिहितो." त्यानं काहीतरी दाबलं. ही घसा खाकरून बोलू लागली आणि खरंच अक्षरं उमटू लागली. मी दारातून हळूच विचारलं चहा ठेवू का म्हणून. पडद्यावर आलं: अर्जदार आपणास नम्र विनंती करते की चहा ठेवू का.

सगळे खो खो हसले. ही हसली नाही. म्हणाली, "बंद कर ते."

"अगं आई, तुझ्या अहोंना गप्प बसवलं की झालं," मुलगा म्हणाला.

"अहो गप्पच असतात. मी त्यांचं नाही म्हणत." मग ती खुर्चीत वळून बसली आणि मुलाकडे बघत म्हणाली, "माझ्यापुढे बाया येऊन बसतात. नवऱ्यानं दुसरं घर केलंय, ते सांगतात. पोरगा आत आहे, ते सांगतात. कानाशी येऊन सांगतात, मागची रांग ऐकेल म्हणून. ते मी या डब्याला ओरडून सांगू? सगळ्या व्हरांड्याला ऐकवू?"

मिस्त्रीनं घड्याळाकडे पाहिलं आणि पक्कड पिशवीत टाकली.

"कुठे निघालास?"

"काकू, झालं माझं. एका वेलांटीसाठी आता..."

"एका नाही. प्रत्येक वेलांटीसाठी." ही उठली आणि दाराला आतून कडी घातली. "वेलांटी आधी आली पाहिजे. माझ्यासारख्या किती जणी अशाच शिकल्यात, त्यांच्यासाठी कुणी ना कुणी सोय केलीच असेल. शोध."

"नसेल तर?"

"तर जेवायला थांब. भाजी जास्त केलीय."

मला लाज वाटली, परक्या माणसाला असं कोंडणं बरं नव्हे. पण मी कडी काढली नाही. मिस्त्री कपाळाला हात लावून पुन्हा बसला. आधी तो चिडून बटणं दाबत होता, मग हळूहळू त्यालाच चेव आला. मध्येच म्हणायचा, "हे नाही," मध्येच, "हेही नाही." शेवटी जवळपास त्याच नावाची आणखी एक रचना त्याला यादीत पार खाली पडलेली सापडली. ती घातल्यावर तो बाजूला झाला. हिनं टाइप केलं. वेलांटी आधी, अक्षर मागून. पडद्यावर लख्ख उमटलं: नागरिक.

मिस्त्री म्हणाला, "आता कडी काढा."

"जेवून जा," ही म्हणाली, आणि तो जेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळी आम्ही सामान घेऊन व्हरांड्यात हजर. झेरॉक्सवाल्यानं भिंतीच्या बोर्डात दोन वायरी खुपसल्या होत्या, एक मशीनची आणि एक नुसतीच, जागा अडवायला.

"प्लग माझा आहे काकू."

"भिंतीला आहे ना तो? तुझ्या खिशाला असता तर मागितला नसता." तिनं त्याची रिकामी वायर उपटली आणि आपली लावली.

त्यानं आता अर्जही लिहायला घेतले होते, फोनमध्ये बोलून. पहिला माणूस त्याच्याकडेच गेला. बोलला तर फोनला ऐकू जाईना. "मोठ्यानं बोला," झेरॉक्सवाला म्हणाला. माणूस मोठ्यानं म्हणाला, "धाकट्या भावानं मला घराबाहेर काढलं." छापून आलं की धाकट्या भावनांनी मला घराबाहेर काढलं. पुन्हा बोलायला लावलं. आणखी मोठ्यानं. रांगेतले काही हसले, काही दुसरीकडे बघू लागले. त्या माणसाचे कान लाल झाले आणि कागद न घेताच तो पायऱ्या उतरून गेला.

मग एक बाई हिच्या स्टुलावर येऊन बसली. मी ऐकू येऊ नये म्हणून टाकीच्या पलीकडे सरकलो. ती वाकून काही सांगणार, इतक्यात आतून हेडक्लार्क आले. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, वाकून वायरीकडे पाहिलं, हिनं नमुना म्हणून छापून ठेवलेला कागद उजेडाला धरला.

"हे चालेल असं मला वाटत नाही. कागदात नवी सोय म्हटलंय. हा जुना दिसतोय."

"कॉम्प्युटर म्हटलंय. नवा म्हटलेलं नाही. मी वाचलाय तो कागद, तुम्हीही वाचा."

"साहेबांना विचारावं लागेल. तोवर ही जागा मोकळी करा."

झेरॉक्सवाल्यानं मान वर केली. मी टाकीमागून पुढे आलो आणि माझा हात आपोआप पडद्याच्या वायरीकडे गेला, आवरायला म्हणून. हिनं तो बाजूला सारला, माझ्याकडे न बघता.

"विचारा ना. जरूर विचारा. ऊठ म्हणायला साहेब स्वतः आले की उठायचं की नाही ते मी बघेन. तोवर इथे काम चालू आहे."

"अहो काकू, नियम..."

"आणि भाऊसाहेब, जरा पलीकडे व्हा. तुम्ही उभे आहात तोवर ही बाई बोलायची नाही."

हेडक्लार्कांनी बाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला आणि ते दोन पावलं मागे गेले. मग आणखी थोडे मागे, खांबापर्यंत.

हिनं बोटं बटणांवर ठेवली आणि मान त्या बाईकडे झुकवली.

"हं. बोल आता. हळूच बोल."