चोराला सांगितलेला चहा

आमच्या सासऱ्यांनी चोराला चहा टाकायला सांगितला, ही गोष्ट आता आमच्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहे. कोपऱ्यावरचा न्हावी तर गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तीच काढतो. मीठमसाला लावून सांगतो आणि वर "साखर किती तेही विचारलं असेल चोराने!" म्हणून स्वतःच हसतो. चोरी दुसऱ्याच्या घरी झाली असती, तर मीही हसले असते.

सासरे बत्तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात होते. हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत पट्ट्यावरून जायच्या आणि ते तडा गेलेली बाटली शोधत उभे असायचे. निवृत्तीला हार मिळाला आणि कान कारखान्यातच राहिले. पुढे ते घड्याळं दुरुस्त करायला लागले. बहिऱ्याने घड्याळं कशी दुरुस्त करावीत, असं लोक विचारतात. ते घड्याळ जबड्याला टेकवतात आणि डोळे मिटतात. टिकटिक हाडातून कळते म्हणे. समोर उभं राहून सावकाश बोललं की आमचं बोलणंही त्यांना ओठांवरून कळतं.

त्यांचं टेबल आतल्या खोलीत खिडकीला लावलेलं, म्हणजे पाठ दाराकडे. घंटी वाजवून उपयोग नाही, म्हणून बाहेरचं दार दिवसा नुसतं ओढून घेतलेलं असायचं. घरात आलेल्याने त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी दोनदा पाय आपटायचा, ही आमची पद्धत. जमीन लाकडी फळ्यांची आहे, हादरा त्यांच्या खुर्चीपर्यंत जातो. मग ते मागे न बघता डावा हात वर करायचे. आलीस ना, बरं झालं, एवढा त्याचा अर्थ. लग्न होऊन आले तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता. नंतर त्या हाताची इतकी सवय झाली, की तो वर झाल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटेना.

त्या मंगळवारी सासूबाई दात दाखवायला गेल्या होत्या. नवरा कामावर, मी चष्म्याच्या दुकानात. माझी पाच वर्षांची मुलगी शाळेतून येऊन आजोबांच्या टेबलाखाली बसली होती. ती तिची हक्काची जागा. एका जागी टिकत नाही म्हणून आजोबा तिला सेकंदकाटा म्हणतात, पण त्या टेबलाखाली ती तासन् तास स्क्रूच्या डब्या लावत बसते.

चोर दार ढकलून आला. बाहेरच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, सासूबाईंच्या बांगड्या, नवऱ्याचा लॅपटॉप उचलला. मग आतल्या खोलीत, सासऱ्यांच्या पाठीमागे चार पावलांवर उभं राहून त्याने फळीवरची दोन भिंतीची घड्याळंही काढून नेली. गिऱ्हाइकांची होती ती.

"फळ्या हलल्या," सासऱ्यांनी पोलिसाला सांगितलं. "मला वाटलं आमची ही आली. मी म्हटलं, आलीस? चहा टाक."

"मग?"

"मग चहाची वाट बघत बसलो."

पोलिसाने मिशीआड हसू दाबलं आणि जबाबात सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. दार फोडलेलं नाही, कुलूप तोडलेलं नाही, घरातला माणूस घरात हजर. त्यानंतर ही गोष्ट बाहेर फुटायला कितीसा वेळ लागणार?

मी त्या संध्याकाळी सासऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांच्यावर रागवायचं तर सावकाश रागवावं लागतं, एकेक शब्द ओठांवर नीट यावा लागतो. तसं मी रागावले. "बाबा, माझी पोर टेबलाखाली होती. तुमच्या भरवशावर ठेवली होती मी तिला. आणि तुम्ही चहा मागत बसलात?" ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. सासूबाईंनी मला आत ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेतून थेट पाळणाघरात जायला लागली. तिच्यासमोर चोरीचा विषय काढायचा नाही, पोर घाबरेल, असं आम्ही शहाण्यांनी ठरवून टाकलं. तिला कुणी काही विचारलंच नाही.

घराचा किल्ला झाला. जाड दार, आतून लावायचं लॅच, साखळी, कॅमेरा. पण आतून लॅच लावलं तर घंटी ऐकू न येणारे सासरे ते उघडणार कसे, आणि साखळी लावली तरी आम्हीच बाहेर. म्हणून सासूबाई बाहेर गेल्या की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. ते मीच सुचवलं होतं. हिंडत्याफिरत्या माणसाला मी कोंडून ठेवलं, आणि त्यांनी तेही मुकाट्याने सोसलं.

त्यांनी टेबल फिरवलं होतं. तोंड दाराकडे आणि खिडकी पाठीशी. त्यामुळे त्यांचीच सावली कामावर पडायची. शेजारच्या बाईंच्या मनगटी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या चिमट्यात तुटली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर कॅमेरा बघायचे. ते दर थोड्या वेळाने उठायचे, बाहेरच्या खोलीत येऊन दाराची मूठ हलवून बघायचे, परत जायचे. मला वाईट वाटायचं. पण रागही गेला नव्हता, खोटं कशाला बोलू?

रविवारी कुलूपवाला सायरन बसवायला आला. "एकदा वाजवून दाखवतो," म्हणाला आणि बटण दाबलं. सासूबाई किंचाळल्या, नवऱ्याने कानांत बोटं घातली, समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. सासरे शांतपणे एक चाक पुसत होते. सायरन बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मुलगी दिसत नाही.

ती टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, आणि दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबलेले.

"अगं, काय करतेयस?"

तिने एक हात काढला. "चोर आला की असंच करायचं. तेव्हा आजोबांनी माझं तोंड असं धरलं होतं. जोरात. आणि वर चहा-चहा म्हणत होते."

मी तिथेच फळ्यांवर बसले. त्यांनी तिचं तोंड धरलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी त्यांच्यासमोर गेले. घाईत विचारलेलं त्यांना ओठांवरून कळलं नाही. मी तेच पुन्हा, सावकाश विचारलं. "तुम्हाला कळलं होतं? आई नाहीत, दुसराच कुणी आहे म्हणून?"

त्यांनी चाक खाली ठेवलं.

"तुझी सासू टाचा आपटत चालते," ते म्हणाले. "तो चवड्यांवर चालत होता. चवड्यांवर कोण चालतं आपल्या घरात?"

"मग सांगितलं का नाही? लोक हसतायत, मी तुम्हाला इतकं बोलले..."

"काय सांगू? मी घाबरलो होतो गं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "वळून बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. मला दिसला, हे त्याला कळलं असतं तर? चहाचं कसं तोंडातून आलं, मलाच माहीत नाही. पोरीच्या तोंडावरचा हात तो गेल्यावरही सुटेना. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा बहिरा बरा. बहिरा तर मी आहेच."

मी त्यांच्या पाया पडले नाही, माफीही धड मागता आली नाही. मी नुसती रडले. कुलूपवाला हत्यारांची पिशवी उगाच चाचपत उभा राहिला. मग खाकरून म्हणाला, "ताई, दार उघडलं की टेबलावर दिवा लागेल, असं करता येतं. आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

त्याने तसा लाल दिवा बसवला. सोमवारी मी मुलीचं पाळणाघर बंद केलं. बाहेरून लावायचं कुलूप टाकून दिलं. आता ते आतून लॅच लावतात आणि आम्ही प्रत्येकाने त्याची किल्ली करून घेतली आहे. टेबल परत खिडकीला लावलं, आणि दुकानात गिऱ्हाइकं चष्मा घालून बघतात तसला एक आरसा आणून त्यांच्यासमोर उभा केला, म्हणजे न वळता दार दिसावं. न्हाव्याला जाऊन खरी गोष्ट सांगून आले. तो वरमला, पण गोष्ट अजून जुनीच सांगतो. तीच चांगली वाटते लोकांना.

काल दुकानातून आले. किल्लीने दार उघडलं, आत दिवा लागला असणार. उंबऱ्याशी जाऊन मी नेहमीसारखा दोनदा पाय आपटला. आरशात मी त्यांना दिसत होते.

हात वर झाला नाही. तो आधी टेबलाखाली गेला, पोरीचं डोकं चाचपलं, आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.