हर्णे ते जयगड, टिलरवर हवालदार जगदाळे

आदल्या संध्याकाळी हर्णे बंदरात मासळीचा लिलाव चालला होता आणि आम्ही चौघे फौजी शिडाच्या बोटीचे दोर तपासत होतो. आमचे कॅप्टन साहेब, हवालदार जगदाळे, सॅपर यादव आणि मी, नाईक तांबे. दुसऱ्या दिवशी हर्णे ते जयगड गाठायचं होतं.

माझी निवड कशी झाली ते सांगतो. सर्व्हिस रेकॉर्डवर जिल्हा रत्नागिरी. साहेब म्हणाले, "तांबे, तू किनाऱ्याचा माणूस. लोकल नॉलेज तुझं." माझं गाव दापोलीच्या आत, डोंगरात. वडील मुंबईत कारकून, घरी थोडी भातशेती. समुद्र मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस आपणहून उतरतो कशाला? "येस सर," म्हणालो.

०५३० ला निघालो. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, जगदाळे उस्तादांकडे. ते साताऱ्याकडचे, विहिरीत पोहायला शिकलेले. परेडवर कधी न हसणारा हा माणूस टिलर हातात आला की हसायचा.

"तांबे, हे कुठलं गाव?"

"बुरोंडी, उस्ताद." मोबाइलवर चोरून बघून सांगितलं.

दुपारी वारा चढला. १२४० ला पुढचं शीड फाटलं. साहेब आणि यादव बोटीच्या पुढच्या टोकाशी ते आवरायला धावले. साहेब ओरडले, "दाभोळ खाडीत घ्या!" मग रेडिओवर, "कंट्रोल, बोट वन. शीड फाटलंय. दाभोळला आत घेतोय. ओव्हर."

खाडीच्या उजव्या हाताला अंजनवेलचा किल्ला, डाव्या हाताला दाभोळ. उस्तादांनी मला विचारलं, "खोल पाणी कुठल्या अंगाला?"

मोबाइलवर पाण्याखालची वाळू दिसत नाही. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. किल्ल्याखाली खडक, म्हणून मी डावीकडे हात केला. "दाभोळच्या अंगाला, उस्ताद."

एका होडीवरचा म्हातारा दोन्ही हात हलवत ओरडला, "ओऽऽ! कुठं चाल्लाव? थय रेती हाय! किल्ल्याच्या अंगानं या!"

तोवर बोट वाळूवर चढली होती. पाठोपाठ आलेल्या लाटेनं ती आडवी झाली आणि यादव पाण्यात फेकला गेला. उस्तादांनी उडी मारली. पाणी छातीपर्यंत होतं, पण ओढ भयंकर होती. एका हातानं त्यांनी यादवचं लाइफ जॅकेट धरलं, दुसऱ्यानं बोट. लाटेनं बोटीला हिसका दिला तसा त्यांचा खांदा निखळला. हात सुटला नाही. म्हाताऱ्यानं दोर टाकला आणि आम्हाला ओढून काढलं.

किनाऱ्याला लागल्यावर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तांबे, तू इथला ना? बोलला नाहीस?"

मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणाले, "तांबे बोलला होता, सर. मीच ऐकलं नाही."

मी खाली वाकून दोर गुंडाळायला लागलो.

खांदा बांधून, शीड शिवून आम्ही १८४० ला जयगडला पोहोचलो. वाटेत उस्ताद हळूच म्हणाले, "पहिल्यांदाच आलास ना रे इकडे?" मी मान हलवली. "मग सांगायचं होतंस, गाढवा." एवढंच बोलले. रिपोर्टमध्ये त्यांच्यावर शेरा आला आणि त्यांचं सेलिंग कायमचं बंद झालं. साहेबांची बदली होईपर्यंत मी रोज ठरवायचो, उद्या साहेबांना खरं सांगतो.

तीन वर्षांनी सीमेवर सुरुंग काढताना उस्ताद गेले. मी त्यांच्या गावी गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच का ते कोकणातले? फार नाव काढायचे तुमचं. बोटीवर लई मजा आली म्हणायचे." मला त्यांच्याकडे बघवेना. तिथेही खरं सांगितलं नाही.

आता पेन्शनीत आहे. वर्षातून एकदा अंजनवेलला जातो. ओहोटीला ती वाळू किल्ल्यावरून स्पष्ट दिसते. त्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, स्थानिक जवानानं इशारा देऊनही हवालदार जगदाळे यांनी ऐकलं नाही.

उस्तादांनी माझं ऐकलं होतं.