दोन गोलांच्या मधला पाईप

माझी आत्या भित्री आहे. हे मी प्रेमाने सांगतेय, पण खोटं नाही. ती पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, कुकरची शिट्टी अडकली तर गॅस बंद करायचं सोडून थेट जिन्यात जाऊन उभी राहते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तिला येता-जाता ऐकवायचे.

आणि या बाईने नोकरी कुठे धरावी? तेल शुद्ध करायच्या कारखान्यात, बाबा काम करतात तिथेच. तिथे ती पाईपांची जाडी मोजते. कच्च्या तेलात गंधक असतं. तेल तापलं की ते गंधक पाईपला आतून खात सुटतं, बाहेरून मात्र सगळं ठणठणीत दिसतं. पोलादात क्रोमियम भरपूर असेल तर ते टिकाव धरतं. साध्या पोलादाचा काही भरवसा नाही. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन तुकड्यांपैकी एकात सिलिकॉन थोडं कमी पडलं, तर तो कितीतरी लवकर झिजतो, आणि डोळ्यांना दोघे जुळे भाऊ वाटतात. मोजायचं ते पाईपवर रंगवलेल्या गोलांतच. दरवेळी तीच जागा, म्हणजे झीज किती झाली ते कळतं.

त्या सकाळी एका गरम पाईपच्या पत्र्याच्या आवरणाखालून तेल ठिबकू लागलं. बाबा पाळीचे प्रमुख. ते परांचीवर चढले.

"पत्रा सोलतो, भोक दिसलं की पट्टा आवळतो," ते वरून म्हणाले. "एवढ्याशा थेंबासाठी कारखाना बंद करायचा का?"

खाली आत्या उभी होती. तो पाईप तिने नुकताच मोजला होता आणि सगळे गोल उत्तम होते. गोल उत्तम, मग थेंब कुठून? म्हणजे दोन गोलांच्या मधलं काही कुणाला माहीतच नव्हतं.

"अरे, खाली ये! हात लावू नकोस त्याला!"

"ताई, तू घरी जा बरं."

बाबांनी पत्र्याखाली पहार घातली. तशी आत्या शिडी चढू लागली. डोळे गच्च मिटलेले, एकेक पायरी चाचपडत. ही आता पडणार, या धास्तीने बाबा पहार टाकून खाली उतरले, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच नियंत्रण कक्षात घेऊन आले. दार लावलं आणि तोंड सोडलं, "सगळ्यांसमोर माझी शोभा करतेस? तुला काय कळतं गं..."

तेवढ्यात पाईप उभा फाटला. आधी पांढरी वाफ, मग आग. परांची दिसेनाशी झाली. बाबा बोलता बोलता थांबले ते आत्याचं मनगट धरूनच. ती पकड सोडवायला दोन माणसं लागली.

नंतर सगळे तिला विचारत राहिले, तुम्हाला कसं कळलं? "कळलं कुठे? मी नुसती घाबरले होते," ती खरं तेच सांगायची. कुणाला पटलं नाही.

आता तिने नुसतं "नको" म्हटलं तरी तेल बंद करतात. लोकांना वाटतं, आत्याचं बरं झालं, मान मिळाला. परवा भांडी पुसताना ती मला म्हणाली, "अगं, मला तर रोजच भीती वाटते, प्रत्येक पाईपची. रोज कशी 'नको' म्हणू? आज सकाळी म्हटलं नाही. आणि तुझा बाबा आत्ता तिथेच आहे."