लाल आकडे

माझा मामा एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचत होता. लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, कुंड्यांच्या आडोशाला वाकून वाकून त्याच्या पाठीला कायमचा बाक आला. घरोघरची कुत्री त्याला ओळखायची, माणसं ओळखायची नाहीत. मीटरवर आधी काळे आकडे असतात, शेवटी दोन लाल. काळे टिपायचे, लाल सोडायचे, कारण लाल म्हणजे नुसते थेंब. एखादी चौकस बाई विचारायची, "अहो, शेवटचे दोन राहिले की." मामा पेन खिशाला अडकवत म्हणायचा, "लाल आकडे कोण लिहितं, ताई?" एकतीस वर्षांत त्याने केलेला हा एकच विनोद, आणि तोही विनोद नव्हता.

त्याचं दुसरं वेड म्हणजे चिकट्या. बोटाएवढा, चिखलाच्या रंगाचा, दगडाला चिकटून बसणारा मासा. आमच्या वस्तीमागच्या ओढ्यात तो पूर्वीपासून आहे आणि पूर्वीपासून कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. गळाला लागला तर लोक शिवी हासडून त्याला काठावर फेकतात. खावा तर नुसते काटे, पाळावा तर रूप नाही. मामा मात्र ओढ्याकाठची मीटरं वाचून झाली की तिथेच जेवायला बसायचा, त्यामुळे इतर कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याला कळली होती. मादी चपट्या दगडाच्या पोटाला अंडी चिकटवून निघून जाते आणि बाप तीन आठवडे त्या दगडाखाली उपाशी पहारा देतो.

"स्वतःला मूल नाही ना, म्हणून माशांची बाळंतपणं करत बसतात," मामी चारचौघांत म्हणायची. मामा कसनुसा हसायचा. मामीचा मला संताप यायचा, पण एकदा मीही हसले होते, हे सांगून टाकते.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी नगरपालिकेने दोन पुलांमधला ओढा सिमेंटने बांधून काढायचं ठरवलं. हरकतींच्या सभेत मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. पालिकेच्या साहेबाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा मासा तुमच्याशिवाय कोणी पाहिलाय का?" सभेत खसखस पिकली. मागून कोणीतरी ओरडलं, "त्याला मीटर बसवा!" मग साहेबही हसला.

कॉलेजात मासे शिकवणाऱ्या एक मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मामाला जिन्यात गाठलं. "काका, नुसता मासा असून भागत नाही. त्याची वीण इथे होते हे दिसायला हवं. मी विणीच्या दिवसांत येते. अंडी असलेला एक दगड मला दाखवा. मी लेखी दिलं की त्यांना काम थांबवावंच लागेल."

एक दगड! वरच्या अंगाच्या उथळ डोहात असे एकवीस दगड होते आणि मामाला ते तोंडपाठ होते. त्याने गप्प बसून विणीची वाट पाहिली असती तरी पुरलं असतं. पण साहेबाचं ते 'तुमच्याशिवाय कोणी' त्याच्या मनात रुतून बसलं होतं.

इथे माझा संबंध आला. माझ्या कुरिअर ऑफिसातली मंडळी सुट्टीच्या दिवशी जिओकॅशिंग खेळायची. कोणीतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे फोनवर टाकतो. बाकीचे फोन बघत तिथवर जातात, डबा हुडकतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा ठेवतात. मी मामाला हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि तो पेटलाच. ओढ्याकाठी लपवायला त्याने पाच डबे जमवले. प्रत्येकात वही, पेन्सिल, चिकट्याची माहिती आणि स्वतः काढलेलं चित्र. चित्रातला मासा चपलेसारखा दिसायचा.

चार डब्यांचे आकडे मी टाकून दिले. पाचव्याच्या वेळी ऑफिसात पार्सलांचा ढीग पडला होता. मामाचा तिसऱ्यांदा फोन आला तशी मी खेकसले, "आकडेच तर आहेत, मामा! जन्मभर दुसरं काय केलंस? टाक की स्वतः!"

"हो हो, टाकतो," तो म्हणाला. त्याला त्यात मान वाटला असावा.

हा डबा त्याने खालच्या अंगाला, काठावरच्या बाकाखाली ठेवला होता. डोहापासून मुद्दाम शंभर पावलं लांब, म्हणजे विणीच्या जागी कोणी फिरकायला नको. वर एक फरशीचा तुकडा ठेवला आणि फोनवर खूण लिहिली: चपट्या दगडाखाली.

लोक आले, चांगले झुंडीने आले. पहिल्या चार वह्या भरत चालल्या. मामा संध्याकाळी मामीला नावं वाचून दाखवायचा. "हे बघ, कोणी लिहिलंय, चिकट्या झिंदाबाद." मामी टीव्हीचा आवाज वाढवायची. पाचवी वही त्याने राखून ठेवली होती, ती मॅडमसमोर उघडायची होती. आणि विणीत त्रास नको म्हणून तो स्वतःही डोहाकडे फिरकला नाही.

ठरल्या सकाळी मॅडम गमबूट घालून आल्या. मामाच्या अंगात सभेतलाच शर्ट होता. आम्ही डोहापाशी पोचलो.

एकही दगड जागेवर नव्हता. सगळे उताणे पडले होते, काही काठावर एकावर एक रचले होते. त्यांच्या पोटांवर वाळलेले पांढरे ठिपके होते.  चपला न काढता मामा पाण्यात उतरला आणि एकेक दगड उचलून पालथा घालायला लागला, जणू झाकलं की आत पुन्हा अंडी येणार होती.

मॅडमनी दोन तास शोधलं. एक नर सापडला. दगड होता तिथल्या उघड्या वाळूवर तो बसून होता आणि बोट लावलं तरी हलत नव्हता.

"हा पहाराच देतोय," मामा म्हणाला. "लिहा ना, मॅडम."

"जिवंत अंडी नाहीत, काका, वाळक्या ठिपक्यांवरून काही सिद्ध होत नाही. कशाचा पहारा लिहू?" त्या रडकुंडीला आल्या होत्या, पण कागदावर त्यांनी 'वीण आढळली नाही' असंच लिहिलं.

मी फोन काढला. पाचव्या डब्याखाली लोकांचे शेरे होते, जे मी कधी उघडलेच नव्हते. 'अख्खा डोह पालथा घातला, डबा नाही.' 'दीड तास चपटे दगड उलथले, ठेवणारा गाढव आहे.' 'आम्हीही एक दगड सोडला नाही.' असे एक्केचाळीस.

मामा तोवर बाकाकडे जाऊन डबा घेऊन आला. वही कोरी होती. पहिल्या पानावर त्याचं वळणदार अक्षर तेवढं होतं: 'इथवर आलात, आभारी आहे. एकच विनंती. ओढ्यातला कुठलाही दगड हलवू नका. खाली बाप बसलाय.'

मी आकडे पाहिले. इतर चार डब्यांना टिंबापुढे पाच पाच आकडे होते. याला तीनच होते. त्या तीन आकड्यांवर फोन शंभर पावलं चुकून माणसाला थेट डोहात उभा करत होता.

"मामा, शेवटचे दोन कुठे गेले?"

त्याने चष्मा पुसला, फोन जवळ घेऊन पाहिलं आणि त्या चौकस बायांना सांगायचा तसंच मला समजावलं, "अगं, लाल आकडे कोण लिहितं?"

मला गप्प बसता आलं असतं. त्याला ते आयुष्यभर कळलं नसतं.

"फोनवर सगळे काळेच असतात, मामा," मी म्हणाले.