रविवारी मला उठवू नका

"आता आपण या मावशींनाच विचारू," असं म्हणून पाहुण्यानं माझ्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला आणि मला स्टेजच्या मध्यावर उभं केलं. मी त्यांचे उष्टे ग्लास गोळा करत होते. अंगात ठेकेदारानं दिलेला निळा कोट, पायात रबरी चप्पल. समोर सगळं कॉलेज.

भाषण होतं, स्वप्न कृतीत कसं आणायचं. पाहुणे पुण्याचे. बराच वेळ बोलत होते, आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला.

"मावशी, तुमचं स्वप्न काय? अगदी मनातलं सांगा."

मनातलं सांगा म्हणाले, म्हणून मी मनातलं सांगितलं. "येक दिवस पोटभर झोपायचंय."

हॉल फुटला. पोरं खुर्च्या बडवून हसली. पुढच्या रांगेतले सर तोंडावर रुमाल धरून हसले. पाहुण्यानं हसू ओसरू दिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघितलंत? म्हणून काही जण स्टेजवर बोलतात आणि काही जण आयुष्यभर झाडू मारतात. झोपला तो संपला!"

टाळ्या. त्या टाळ्यांत माझी लेक होती. तेव्हा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती ती. ती हसली नाही. मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी ट्रे उचलला, आत जाऊन ग्लास धुतले. तिथंच त्याला उत्तर दिलं नाही, याचा माझा मलाच राग अजून जात नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या माणसाला काय माहीत? आमच्या वस्तीला नळ पहाटे येतो, तोही मर्जी असेल तेव्हा. चारपासून हंडे. मग सासऱ्यांना आंघोळीचं पाणी, मालक, लेक, पोरगा, सगळ्यांच्या भाकरी, मग कॉलेज. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे. संडासाला आमच्याच वस्तीतल्या बाया लागतात, हे ठेकेदाराला कुणी शिकवावं लागलं नाही. माझी आई हेच करायची, आजी हेच. संध्याकाळी कुणाच्या कांद्यात खुरपायला जायचं, रात्री सासूचे पाय. रविवारी सुट्टी म्हणतात, पण हॉलमध्ये कार्यक्रम असतोच. बैलालासुद्धा पोळ्याला सोडतात.

कुणीतरी मोबाईलवर ते सगळं घेतलं होतं. दोन दिवसांत आमच्या राहुरीभर फिरलं. नळावर बाया म्हणायच्या, "काय गं, झाली का झोप?" ते सोसलं. लेकीचं सोसलं नाही.

"आई, दुसरं काई सांगता आलं न्हाई का गं तुला?"

"दुसरं काय?"

"कायपन. पोरीला कलेक्टर करायचंय, आसं तरी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी मी काही मागितलं, तर माझ्या लेकीलाही लाज वाटली.

यंदा पाहुणे पुन्हा येणार होते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलत होते.

"मावशी, साहेब तुम्हाला परत स्टेजवर घेणार आहेत. या वेळी म्हणायचं, तुमच्या भाषणानं मी जागी झाले. बस, एवढंच. आणि रविवारी कार्यक्रम आहे, पहाटेच या, हॉल धुवायचाय."

"रविवारी माजी सुट्टी हाय, सर."

"अहो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"व्हय. माज्याकडं येकच दिस हाय. त्यो मला पायजे. आन् म्या कुटं झोपले हुते, जागी व्हायला?"

ते खुर्चीत मागे टेकले. "कामाला माणसं पुष्कळ मिळतात, मावशी."

मिळतात. मला ठाऊक होतं. लेकीची फी त्याच कामावर आहे, हेही ठाऊक होतं. तरी मी हो न म्हणता बाहेर आले.

शनिवारी जेवताना घरात सांगितलं, "उद्या मला उठवायचं न्हाई."

मालक मार्केट यार्डात हमाली करतात. तेही दमलेले. घास हातातच राहिला. "मंग पानी?"

"तुमी भरा. तुमी आन् पोरगा. पोरीनं हंड्याला हात लावायचा न्हाई."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "बाईच्या जातीला झोपंचं डव्हाळं लागलं का?" म्हातारीला मी उलटून बोलले नाही. तिलाही जन्मात कुणी झोपू दिलेलं नाही.

रविवारी डोळे चारलाच उघडले. मेली सवय. बाहेर नळ आला. हंडा आपटला, मालक स्वतःशी पुटपुटले. अंग उठू उठू करत होतं, मी गोधडी घट्ट धरून पडले. झोप येईना. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती आली नाही. मला रडू आलं.

लेकीच्या उशाशी मोबाईल वाजला. "आई, ठेकेदाराचा फोन हाय."

"वाजू दे."

"काम गेलं तर?"

"गेलं तर दुसरं बगू. आज म्या उठत न्हाई."

तिनं फोन उशाशी तसाच ठेवला. फोन वाजून वाजून बंद पडला. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं, माझ्या पायावर पडलं. या घरात अंथरुणात असताना ऊन मी पहिल्यांदा पाहिलं. डोळा लागला नव्हता. पण मी उठले नव्हते.

पुढच्या रविवारीही उठणार नाही. झोप येवो, न येवो.