आमचं दार वगळून

जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या गल्लीत सात घरं होती आणि त्या सातही घरांतून एक पॅड फिरायचं. परीक्षेला नेतात तसलं, चिमटा लावलेलं. त्यावर गल्लीच्या मंडळाच्या सूचना असायच्या: गटार साफ करायचा रविवार, कचऱ्याचा बदललेला वार, कुणाच्या घरी कोण वारलं. आपण वाचायचं, आपल्या आडनावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. आमच्याकडे ते शेजारच्या बाई आणायच्या.

बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेत नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी मूळची पुण्याची, पण चौदा वर्षं न्यू जर्सीत काढून, तिथली नागरिक होऊन, नवऱ्याच्या बदलीपायी इथे आलेली. “इंडियातून का?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. “अमेरिकेतून,” मी ठसक्यात सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी करी कशी करतात ते विचारायला आल्या. मला तेव्हा असल्या गोष्टींचा फार राग यायचा.

पण त्या पॅडवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती, आणि बाई दारातच बसून एकेका ओळीवर बोट ठेवून समजावायच्या. नाहीच कळलं तर चित्र काढायच्या. फावडं, बादली, घड्याळ. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास. या देशात मला गल्लीतलं एक घर म्हणून कुणी धरत असेल तर ते त्या अर्ध्या तासात, बाकी सगळीकडे मी नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला कागद होते.

तो मोठा भूकंप झाला तेव्हा नवरा टोकियोत ऑफिसात होता आणि पहिलीतली मुलगी नुकतीच घरी आली होती. मी टेबल धरून नुसती उभी. दार ठोठावून आम्हाला बाहेर काढलं ते बाईंनी. स्वतःचं हेल्मेट त्यांनी मुलीच्या डोक्यावर घातलं आणि गल्ली हलायची थांबेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्याच्या कंपनीची मेल आली. भूकंपाने अणुभट्टीतून गळती होत असल्याच्या बातम्या होत्याच. अमेरिकन कुटुंबांची तिकिटं काढली होती. दोन तासांत आम्ही बॅगा भरल्या. मुलगी म्हणाली, “शेजारच्या आजींना सांगून येऊ?” मी म्हटलं, “झोपल्या असतील गं.” सकाळचे साडेदहा वाजले होते.

घाई होती, टॅक्सी उभी होती, हे सगळं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं एवढंच की मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. त्या कुठे जाणार होत्या? म्हणून आम्ही काढता पाय घेतला.

पाच आठवड्यांनी परत आलो तर दाराच्या कडीला पिशवी लटकत होती. पाण्याच्या दोन बाटल्या आणि बुरशी येऊन हिरवा झालेला ब्रेड. त्या दिवसांत या दोन्ही गोष्टींसाठी लोक रांगा लावत होते. मी बदामांचा डबा घेऊन शेजारी गेले. बाईंनी दोन्ही हातांनी तो घेतला, “सुखरूप आलात, बरं झालं,” म्हणाल्या, वाकल्या आणि दार लावलं.

नंतर पॅड आलं नाही. मला वाटलं, गडबडीत बंद पडलं असेल. मग जूनमध्ये वरच्या खिडकीतून बघितलं, तर बाई पॅड छातीशी धरून आमच्या दारावरून सरळ कोपऱ्यावरच्या घरी गेल्या.

नवरा म्हणाला, “सुटलीस की. तुला कुठे वाचता येतंय ते?” त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

मी काय काय केलं! एका रविवारी एकटीने आमच्यापुढचं आणि बाईंच्या दारापुढचं गटार उपसलं. शंकरपाळे दिले. डबा संत्री भरून परत आला. आपल्याकडेही डबा रिकामा पाठवत नाहीत, पण आपल्याकडे डब्याबरोबर चार शब्द ऐकवतात. ‘अशा कशा न सांगता गेलात हो?’ एवढं म्हणाल्या असत्या तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते. ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांच्या सभ्यपणाची मला चीड यायची, आणि चीड येते याची लाजही वाटायची.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात शाळेच्या मैदानावर आपत्तीची रंगीत तालीम होती. मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली म्हणून आम्हाला कळलं. गल्लीवार रांगा होत्या. आमच्या गल्लीची यादी बाईंच्या हातात होती आणि एकेका घराचं नाव वाचून त्या माणसं मोजत होत्या. सहा घरं झाली आणि त्यांनी कागद दुमडला. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, “आमचं नाव?”

बाई बराच वेळ, अगदी मऊ आवाजात बोलल्या. मला निम्मंच कळलं. मी मुलीकडे बघितलं.

“त्या म्हणतात, भूकंपानंतर कोण दिसत नाही, कुणाला शोधायचं, त्याची ही लिस्ट आहे,” मुलगी म्हणाली. “मागच्या वेळी त्यांनी आपल्याला सहा दिवस शोधलं. माझ्या शाळेत विचारलं, हॉस्पिटलमध्येपण जाऊन आल्या. आता त्यांना तेवढं चालवत नाही. सॉरी म्हणतायत.”

सॉरी त्या म्हणत होत्या. मग मी मुलीला म्हटलं, “त्यांना सांग, यापुढे काही झालं तरी आम्ही इथेच राहू. कुठे जाणार नाही.”

मुलगी सांगेना. बाई थांबून राहिल्या होत्या.

“सांग ना.”

तिने माझ्याकडे वर बघितलं आणि जपानीतच विचारलं, “खरंच?”

आमच्या तिघांचे पासपोर्ट तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होते. त्या भूकंपापासून मी भाजी आणायलासुद्धा ते घेऊनच बाहेर पडायची. मी बाईंना वाकून नमस्कार केला आणि मुलीला म्हटलं, “राहू दे. चल.”